पाठीवरचे बिऱ्हाड

दिवाळी सरली, की आष्ट्याच्या शिवारात पाहुणे येऊ लागतात. त्यांना कोणी आमंत्रण धाडलेले नसते. पण ते येणार हे साऱ्यांना ठाऊक असते. भुईमूग निघालेला असतो, सोयाबीनची मळणी उरकलेली असते, आणि मोकळ्या झालेल्या काळ्या रानात पहाटेचे दव पडू लागलेले असते. अशा एखाद्या सकाळी सांगलीकडून येणाऱ्या रस्त्यावर धुळीचा लोट उठतो. त्या लोटातून प्रथम ऐकू येतो तो शेकडो खुरांचा सरसर आवाज. मग दिसतात काळ्या-पांढऱ्या मेंढरांच्या पाठी, आणि त्यांच्यामागून खांद्यावर काठी आडवी टाकून चालणारा, लाल पागोट्याचा उंच माणूस. हा पूर्वेकडचा धनगर. मेंढरांना तो ‘बकरी’ म्हणतो आणि त्यांची देखभाल करणारा म्हणून स्वतःला मेंढका म्हणवतो.

त्याच्या घरची मंडळी मात्र या कळपाबरोबर नसतात. त्या केव्हाच पुढे गेलेल्या असतात. एक-दोन घोड्यांच्या पाठीवर त्यांचा सारा संसार लादलेला असतो : धान्याची पोती, पितळेची भांडी, तवा, काटवट, घोंगड्यांच्या घड्या आणि वाघर. वाघर म्हणजे जाळ्याचे कुंपण. या साऱ्यावर पाय बांधलेल्या दोन-चार कोंबड्या डुलत बसलेल्या असतात, आणि आदल्या रात्री जन्मलेले कोकरू झोळीतून मान बाहेर काढून नव्या जगाकडे पाहत असते. एखादे लहान मूलही त्याच्या शेजारी विराजमान झालेले असते. घोड्याचा कासरा घरधनिणीच्या हाती असतो, आणि घोड्याच्या पावलाशी पाऊल जुळवीत, जीभ बाहेर काढून, तीन-चार कुत्री चाललेली असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपल्या भाषेत आहे. ती उच्चारताना बोलणाऱ्याच्या मनात बहुधा थोडी कीव असते. या बिऱ्हाडाकडे पाहणाऱ्याने ती कीव क्षणभर बाजूला ठेवावी, हे बरे.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, अलीकडे पुष्कळ लोक राहते घर विकून चाकांवरच्या घरात कायमचे राहू लागले आहेत. मोठ्या मोटारीतच त्यांची शेज, चूल आणि न्हाणी असते. सोबतीला कुत्री असतात. आणि आज या गावी तर उद्या त्या गावी असा त्यांचा मुक्काम चालतो. त्यांच्या या जीवनाचे मोठे कौतुक होते, आणि ते रास्तही असेल. परंतु त्या लोकांनी रस्ता हौसेने पत्करलेला असतो. माणदेशाच्या धनगराला तो पावसाने दाखवून दिला आहे.

आष्टा हे वाळवा तालुक्यातले मोठे गाव. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात त्याची जमीन पसरलेली आहे. हा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, आणि त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्यांच्या सीमा अशा बदलत गेल्या, तरी पावसाने आखलेली सीमा बदलली नाही. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या पायथ्याला धुवाधार पडणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना रोडावत जातो. सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ हे तालुके पर्जन्यछायेत पडतात. तेथील माळावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत आखूड पण सकस गवत उगवते. कोरडी जमीन मेंढराच्या खुरांना मानवते. मेंढरू चिखलात राहिले, की त्याचे खूर सडतात. म्हणून पावसाळ्यात पूर्वेचा कोरडा माळ हेच त्याचे खरे घर. परंतु दिवाळीच्या सुमारास ते गवत संपते, ओढे आटू लागतात, आणि मग शंभर जनावरांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. धनगर तेव्हा पश्चिमेकडे पाहतो. तिकडे नद्यांच्या काठी सुगी झालेली असते, आणि पीक काढून नेलेल्या रानात मेंढराला हवे ते सारे पडलेले असते.

दुष्काळाने या प्रदेशातील वाड्यावस्त्या कशा ओस पडतात, याचे चित्र व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ या कादंबरीत रेखाटले आहे. ते स्वतः आटपाडी तालुक्यातील माडगूळचे. १९५५ मध्ये निघालेली ती कादंबरी धनगरांच्या एका लहानशा वाडीची आणि तेथे शिकवायला आलेल्या तरुण शिक्षकाची आहे.

पूर्वेकडून येणाऱ्या कळपाला वाटेत कृष्णा ओलांडावी लागते. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्यापूर्वी नदीला उतार पडेपर्यंत काठावर थांबण्यावाचून गत्यंतर नसे. पलीकडे गेले, की तुंगावरून आष्ट्याचा रस्ता लागतो. कोणत्या वाड्याने कोणत्या गावच्या शिवारात उतरायचे, हेही बहुधा पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले असते. चार-पाच कुटुंबे आपापले कळप घेऊन एकत्र राहतात, त्या समूहाला ‘वाडा’ म्हणतात. एरवी वाडा म्हटले, की चिरेबंदी भिंती आणि दिंडी दरवाजा डोळ्यांपुढे येतो. या वाड्याला भिंत नाही, छप्पर नाही आणि दारही नाही. तरी शब्द तोच आहे, आणि तो वापरताना धनगराला काही चुकल्यासारखे वाटत नाही.

गावात शिरल्यावर पहिली भेट शेतकऱ्याची. बांधाच्या अलीकडेच थांबून म्हातारा मेंढका हाक घालतो.

“राम राम, मालक. औंदा बकरी बसवायची हैत न्हवं?”

“या, पाव्हणं, या. बसवायची की. पर दोनच राती. पल्याडच्या पट्टीत ऊस लावायचाय.”

“दोन तर दोन. वरच्या अंगाला पयली रात, खालच्या अंगाला दुसरी.”

“कुत्री किती हैत? पोरं रानात येत्यात म्हणून इचारतो.”

“तीन हैत. दिसा गप पडत्यात, मालक. रातचं मातूर कुनी आलं, तर वाटंनं या म्हनावं. बांधावरनं नगं.”

एवढ्या बोलण्यावर करार पुरा होतो. कागद नाही, साक्षीदार नाही. शेतात मेंढरे रात्रभर बसली, की त्यांच्या लेंड्या आणि मूत्र मातीत मिसळते. शेणखतापेक्षा हे खत जोरकस असते. त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकांची तिन्ही अन्ने चांगल्या प्रमाणात सापडतात. शिवाय ते शेतात वाहून न्यावे लागत नाही. ते चार पायांनी चालत येते आणि साऱ्या रानात सारखे पसरते. दुसऱ्या रात्री कळप थोडा सरकवून बसवला, की उरलेली पट्टी खतावते. याचा मोबदला शेतकरी पूर्वी धान्याच्या रूपाने देई. आता बहुधा रोख पैसे देतो, आणि वर चहापूड, साखर, कधी शेंगा. म्हणजे मेंढराच्या पोटाला रान मिळते आणि रानाला खत मिळते. या व्यवहारात कोणी कोणावर उपकार करीत नाही. म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला.

तळ कोठे द्यायचा, हे घरधनीण ठरवते. वाऱ्याची दिशा, पाण्याची जवळीक आणि रस्त्यापासूनचे अंतर पाहून ती घोड्यावरचे ओझे उतरवते. तीन दगड मांडले, की चूल झाली. काठ्या रोवून त्यांना वाघर बांधले, की कोकरांची खोली झाली. धान्याची पोती वाऱ्याच्या बाजूला रचली, की भिंत झाली. अर्ध्या घटकेत उघड्या रानाचे घर होते. कोंबड्या सुटतात आणि दाणे टिपू लागतात. घोडी पुढचे पाय बांधून चरायला सोडली जाते. आणि कुत्री आपापल्या जागा निवडून अंग टाकतात. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात : एक कोकरांच्या वाघरीशी, एक पोत्यांच्या आडोशाला, एक दूर बांधावर. त्यांना या जागा कोणी शिकवलेल्या नसतात.

दिवसभर कोकरे वाघरीत आणि त्यांच्या आया दूर रानात, अशी ताटातूट असते. संध्याकाळी कळप परतताना दिसला, की जो गोंधळ उडतो, तो एकदा तरी पाहावा. इकडून कोकरे ओरडतात, तिकडून मेंढ्या ओरडतात. वाघरीचे एक टोक सोडताच पन्नास कोकरे पन्नास आयांच्या दिशेने धाव घेतात. परक्या माणसाला साऱ्या मेंढ्या सारख्याच दिसतात; परंतु कोकराला आपली आई आवाजावरून कळते, आणि आईला आपले कोकरू वासावरून. चुकून दुसरीकडे तोंड घालणाऱ्या कोकराला ती मेंढी डोक्याने ढकलून देते. एखादे कोकरू पोरके असेल, तर मेंढक्याची पोर त्याला काखेत घेऊन दूध पाजते. काही क्षणांतच गलका शांत होतो; नुसता चुरूचुरू दूध पिण्याचा आवाज राहतो आणि पन्नास लहान शेपट्या हलत राहतात. या साऱ्या गर्दीत कुत्रा तेथेच बसलेला असतो. कोकरे त्याच्या अंगावरून उड्या मारतात. तो डोळे मिटून घेतो.

विलायतेत, स्कॉटलंडच्या डोंगरांवर, मेंढपाळांजवळ कॉली जातीचे कुत्रे असतात. धन्याच्या शिट्टीसरशी ते कळपाला वळसा घालतात आणि हवा तिकडे हाकून आणतात. धनगराच्या कुत्र्याचे काम हे नव्हे. मेंढरे वळवायला मेंढक्याची शीळ, त्याचा ‘हुर्र’ आणि लांब फेकलेला एखादा खडा पुरेसा असतो. कुत्र्याचे काम राखणीचे. त्यासाठी त्याला शिकवावे लागत नाही; त्याला लहानपणापासून कळपात वाढवावे लागते. डोळे उघडल्यापासून जे पिल्लू कोकरांच्या उबेत झोपले, ते मोठेपणी त्या कळपालाच आपले गणगोत समजते. मग त्याला मेंढराच्या मागे लागण्याची इच्छा होत नाही, आणि मेंढरांनाही त्याचे भय वाटत नाही. दिवसा सुस्त आणि निरुपयोगी दिसणारा हा प्राणी दिवस मावळला, की बदलतो. तो उठतो, अंग ताणतो आणि तळाभोवती एक मोठी फेरी मारून येतो.

शेजारच्या कर्नाटकातील मुधोळच्या शिकारी कुत्र्याचे चित्र भारत सरकारने २००५ साली टपालाच्या तिकिटावर छापले. चपळ, सडपातळ अंगाचा तो कुत्रा त्या मानाला पात्रच आहे. धनगराच्या राखणदाराचे चित्र मात्र कोणी छापलेले नाही. खंडोबाने तेवढी त्याची कदर केली आहे. जेजुरीच्या किंवा कराडजवळच्या पालीच्या या देवाच्या मूर्तीशेजारी घोडा असतो आणि कुत्राही असतो. धनगरांच्या कथांप्रमाणे हा देव बाणाईसाठी तिच्या वाड्यावर मेंढरे राखायला राहिला होता. मेंढक्याच्या घरी राहिलेल्या देवाला कुत्र्याची किंमत कळली, यात नवल नाही.

रात्र हा या जीवनाचा कठीण भाग. पूर्वेच्या माळावर भय असते लांडग्याचे. लांडगा एकटा क्वचितच येतो. एक समोरून कुत्र्यांना हुलकावणी देतो, आणि दुसरा मागून कळपात शिरतो. म्हणून जुनी, शहाणी कुत्री सगळीच एका बाजूला धावत नाहीत. एखादे तरी कळपाशी थांबते. पश्चिमेच्या बागायतीत लांडग्याचे भय कमी. परंतु त्याची जागा आता बिबट्याने घेतली आहे. वाळवा आणि शिराळा तालुक्यांत उसाची दाट राने झाल्यापासून बिबट्याला तेथे बारमाही आसरा मिळाला आहे. तो आवाज करीत नाही, आणि कुत्रे हेच त्याचे आवडते भक्ष्य. बांधावरच्या कुत्र्याचे भुंकणे मध्येच तुटले, की सारा तळ उठून बसतो. विजेऱ्यांचे झोत उसाच्या कडेवर फिरतात, थाळ्या वाजतात, आणि मेंढका एकेका कुत्र्याला नावाने हाका मारू लागतो. दोन कुत्री पायांशी येऊन उभी राहतात. तिसऱ्याची वाट पाहिली जाते. कधी ते येते. कधी सकाळी बांधाच्या ओल्या मातीत ओढत नेल्याच्या खुणा तेवढ्या दिसतात. तळ मात्र त्या दिवशीही ठरल्याप्रमाणे हलवावा लागतो, कारण रान चरून संपलेले असते आणि पुढच्या शेतकऱ्याला शब्द दिलेला असतो.

भाकरी थापताना घरधनीण माणसांबरोबर कुत्रीही मोजते. बाजरीची किंवा जोंधळ्याची भाकरी कुस्करून त्यावर थोडे दूध-पाणी घातले, की तो त्यांचा घास. धान्य कमी पडले, तर माणसांची भाकरी लहान होते. कुत्र्यांचा वाटा सहसा मोडत नाही. यात मायाही आहे आणि हिशेबही आहे. शंभर मेंढरांची राखण उपाशी पोटी होत नाही, हे तिला चांगले माहीत असते.

या जीवनात अलीकडे पुष्कळ फरक पडला आहे. कित्येक वाड्यांतील घोडी गेली आणि तिच्या जागी लहान टेंपो आला. भांडी, पोती, कोकरे, कोंबड्या आणि म्हातारी माणसे त्यात बसून पुढच्या मुक्कामी जातात. शेतकऱ्याशी बोलणे दूरध्वनीवर होते. वाघरीच्या खांबाला सूर्यप्रकाशावर चालणारा दिवा लटकतो. म्हणजे चाकांवरचे घर या धनगरालाही लाभले, असे म्हणता येईल. कुत्र्यांनी मात्र टेंपो पूर्णपणे स्वीकारलेला नाही. त्यांतील एखादे ऐटीत टपावर बसते. इतर आपली कळपामागून चालत येतात.

मेंढरेही पालटली. जत तालुक्यातील माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाची मेंढी लवकर वाढते आणि बाजारात चांगला भाव मिळवते. पण तिच्या अंगावर लोकर थोडी. जुनी दख्खनी मेंढी काळ्या, राठ लोकरीची. वर्षातून दोनदा तिची कातरणी होई. त्या लोकरीचे सूत काढून सणगर घोंगडी विणत आणि तिला चिंचोक्यांची खळ देत. पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण, सगळ्याला एकच घोंगडी पुरत असे. आता लोकरीला गिऱ्हाईक उरलेले नाही. कातरणीची मजुरीदेखील तिच्यातून सुटत नाही. तळावर रंगीत चादरी आणि गाद्या दिसतात. त्या लवकर भिजतात, हे सांगायला नको.

सर्वांत मोठा बदल जमिनीत झाला. कोयनेचे धरण १९६०च्या दशकात पूर्ण झाले, नदीला बारा महिने पाणी राहू लागले, गावोगावी पाणी उचलणाऱ्या योजना झाल्या, सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आणि कृष्णाकाठ उसाने भरून गेला. ऊस वर्ष-दीड वर्ष रान अडवून बसतो. तोडणी झाली, की मेंढरांना पाला मिळतो खरा. परंतु लगेच खोडव्याला पाणी सुटते, आणि पडीक रान म्हणून जे काही असे ते दिसेनासे होते. शेतकऱ्याने दोनच रात्री देऊ केल्या त्या याच कारणाने. पूर्वेकडेही टेंभू आणि म्हैसाळ या योजनांचे पाणी पोहोचले. दुष्काळी तालुक्यांत डाळिंबे आणि द्राक्षे पिकू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. तहानलेल्या मुलखाला पाणी मिळाल्याचे दुःख कोण मानील? पण पाणी आले, की कुंपण येते. ढालगावच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. काही डोंगरांवर वनखात्याने चराईला बंदी केली आहे. मेंढराला लागणारी उघडी, कोणाची नसलेली जमीन दोन्ही टोकांना आटत चालली आहे, आणि या दोन टोकांमधला रस्ता रुंद होऊन त्यावरून भरधाव वाहने जात आहेत.

युनेस्को या जागतिक संस्थेने २०१९ साली इटली, ग्रीस आणि ऑस्ट्रिया या देशांतील मेंढपाळांच्या अशाच ऋतुमानानुसार होणाऱ्या भ्रमंतीला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्या नावे जाहीर केले. आष्ट्याच्या रस्त्यावर मेंढरांमागे अडकलेला मोटारवाला भोंगा वाजवतो, तेव्हा त्याला यातले काही ठाऊक नसते, मेंढक्यालाही नसते. तो शांतपणे काठी आडवी धरतो आणि कळप एका अंगाला घेतो.

त्याची खरी चिंता निराळीच आहे. शाळा जूनमध्ये भरते, आणि वाडा दिवाळीनंतर हलतो. म्हणजे पहिले सत्र संपते न संपते, तोच मुलाला पाटी-दप्तर आवरावे लागते. मुक्काम दोन रात्रींचा. शाळेत नाव घालायचे तरी कोणत्या? वाड्यावरचा दहा वर्षांचा मुलगा शंभर मेंढरांतून आजारी मेंढरू चालीवरून ओळखतो, पावसाचा वास ओळखतो आणि कळपात एक जरी कमी झाले, तरी न मोजता सांगतो. परंतु या विद्येचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ती ज्या रानावर चालायची ते रानही आता उरत नाही, हे त्याच्या बापाला दिसते. म्हणून पुष्कळ कुटुंबांनी आता संसाराचे दोन भाग केले आहेत. आजी नातवंडांना घेऊन पूर्वेकडच्या गावी राहते आणि त्यांना शाळेत धाडते. आईबाप मेंढरे घेऊन नदीकाठी उतरतात. दिवाळीपासून ज्येष्ठातल्या मृगापर्यंत सात महिन्यांची ही ताटातूट असते, आणि संध्याकाळी वाघर उघडून ती मिटत नाही.

रात्री जेवणे झाली, की आष्ट्याच्या रानातून गावाकडे फोन लागतो. तिकडे मुलगा अभ्यासाची वही बाजूला सारून तो घेतो. कोकरे किती झाली, टेंपो चिखलात रुतला होता तो निघाला का, असे तो विचारतो. पण त्याआधी त्याचा पहिला प्रश्न कुत्र्याचा असतो. आई उत्तर देत नाही. ती फोन बांधाच्या दिशेने धरते आणि मोठ्याने हाक मारते. अंधारातून भुंकण्याचा आवाज येतो. तो ऐकू आला, की मग मुलगा बाकीचे बोलू लागतो.